ॲडमिशनच्या खिडकीमागून सांगते

पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात मी ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १९ ॲडमिशनच्या खिडकीमागे. जून-जुलै म्हणजे ओल्या रेनकोटांचा वास, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद आणि 'मॅडम, एवढं एकच बघा ना' हे वाक्य दिवसातून शंभरदा. पुढे सगळं ऑनलाइन झालं, तरी माणसं खिडकीवर यायची थांबली नाहीत. वेबसाइटशी भांडता येत नाही, माझ्याशी यायचं.

आता निवृत्त होऊन चार वर्षं झाली. धनकवडीत आमच्या सोसायटीतली आठवी ते बारावीची पोरं रविवारी सकाळी माझ्या डायनिंग टेबलाशी येऊन बसतात. फी काही नाही, चहा मात्र त्यांनी करायचा. आणि दुसरी अट अशी की आईवडील बरोबर आले तर त्यांनी गप्प बसायचं. फाइल पोराच्या हातात, पेन पोराच्या हातात.

इतक्या वर्षांत मार्क कमी पडले म्हणून खिडकीपाशी रडलेलं पोर मी क्वचितच पाहिलं. त्याला ते निकालाच्या दिवशीच कळलेलं असतं, रडून झालेलं असतं. रडारड व्हायची ती मार्क असूनही जागा गेली की. कुणाचा दाखला नाही, कुणी विषय चुकीचा घेतला, कुणी फॉर्मवर नको ते कॉलेज पहिलं टाकलं. यातलं जवळजवळ सगळं दोन-तीन वर्षं आधी निस्तरता येतं. म्हणून माझं काम नववीपासून सुरू होतं.

नववीत टेबलावर मांडायचे चार कागद

जन्माचा दाखला, आधार कार्ड, शाळेतून मागवलेलं बोनाफाइड आणि असलाच तर जातीचा दाखला. चारही कागद एकाखाली एक ठेवायचे, पट्टी लावायची आणि नाव अक्षर-अक्षर जुळवायचं. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव.

गेल्या दिवाळीआधी समोरच्या विंगमधली एक मुलगी बसली होती. तिला वाटत होतं, मी उगाच पाल्हाळ लावतेय. जन्मदाखल्यावर आडनावात 'व्ही', आधारवर त्याच जागी 'डब्ल्यू'. शाळेच्या कागदावर वडिलांच्या नावापुढे 'राव', बाकी कुठेच नाही. आणि जन्मगाव म्हणून नुसतं तालुक्याचं नाव, जिल्हा नाही की राज्य नाही. तिचे वडील अट मोडून म्हणाले, 'एवढ्याशा अक्षरानं काय होतंय?' मी म्हटलं, होत काहीच नाही, फक्त तीन वर्षांनी दाखल्यावरची आणि फॉर्मवरची व्यक्ती एकच आहे हे सिद्ध करायला तुम्हाला ॲफिडेव्हिट करावं लागेल, तेही नेमकं मुदतीच्या आदल्या दिवशी.

मूल शाळेत शिकत असताना जनरल रजिस्टरमधली चूक दुरुस्त करून घेणं तुलनेनं सोपं असतं. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज आणि पुराव्याला जन्माचा दाखला. एकदा शाळा सोडली की तीच दुरुस्ती कितीतरी अवघड होते. दहावीचा बोर्डाचा फॉर्म शाळा भरते तो याच रजिस्टरवरून, त्यामुळे तिथली चूक मार्कलिस्टवर जाते आणि मार्कलिस्टवरून जन्मभर मागे लागते. बोर्डाकडून तपासायला प्री-लिस्ट येते तेव्हा शाळेतले सर घाईत 'बघ आणि सही कर' म्हणतात. बघायचं. खरंच बघायचं. आईचं नावसुद्धा.

जन्मगावाचं मी एवढं का लावून धरते? इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशात महाराष्ट्राचा उमेदवार ठरायला दहावी-बारावी इथली लागते आणि सोबत डोमिसाइल किंवा जन्म महाराष्ट्रातला असल्याचा पुरावा. शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव जिल्ह्या-राज्यासकट आणि राष्ट्रीयत्व 'भारतीय' असं स्वच्छ लिहिलेलं असलं की एक हेलपाटा वाचतो.

नववीत आणखी एक काम, हात बरा असेल तर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन टाकाव्यात. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड असेल तर दहावीला ७ मार्क वाढतात, 'बी'ला ५, 'सी'ला ३. खेळाडूंचे आणि शास्त्रीय नृत्य-संगीत, लोककलावाल्यांचेही वेगळे मार्क असतात. सात मार्कांना हसू नका. कटऑफच्या रेषेवर एकेका मार्काला किती मुलं लटकलेली असतात ते मी पाहिलंय.

दहावीचे टक्के काय सांगतात आणि काय लपवतात

बोर्डाचे टक्के 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चे. सहा विषयांतले चांगले पाच धरायचे, ५०० पैकी बेरीज करायची. मुलांना याचा फायदा होतो, पण यात एक मेख आहे. समजा मराठी ८८, संस्कृत ९८, इंग्रजी ८६, गणित ६१, विज्ञान ८४, सामाजिक शास्त्रं ९२. गणित गळलं, बाकीची बेरीज ४४८, टक्के ८९.६. पेढे वाटले, सायन्सला प्रवेशही मिळाला. आणि ते ६१? ते कुठे गेलेलं नसतं, अकरावीच्या पहिल्या चाचणीत दारात उभं असतं.

म्हणून सायन्स घ्यायचं म्हणणाऱ्या पोराला मी टक्के विचारतच नाही. गणित भाग एक, भाग दोन आणि विज्ञान, एवढेच आकडे सांग म्हणते. ते डळमळीत असतील तर सायन्स घेऊ नको असं नाही म्हणत. दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावीचे वर्ग भरेपर्यंत पुष्कळ दिवस मोकळे असतात, तेवढे माझ्या ताब्यात दे म्हणते. त्या दिवसांत अकरावीचं पुस्तक उघडायचं नाही. नववी-दहावीचं बीजगणितच पुन्हा करायचं. अवयव पाडणं, घातांक, वर्गसमीकरणं, त्रिकोणमितीची नित्यसमानता. रोज दहा गणितं, कॅल्क्युलेटर कपाटात, आणि चुकलेलं गणित दुसऱ्या दिवशी उत्तर न बघता परत. अकरावीच्या भौतिकशास्त्रात पोरं अडकतात तेव्हा बहुतेक वेळा भौतिकशास्त्र त्यांना कळलेलं असतं. समीकरणातून एक अक्षर बाजूला काढता येत नाही, घोडं तिथे पेंड खातं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक वेगळी वही. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे संवेग, उजवीकडे मोमेंटम. त्वरण, ॲक्सिलरेशन. विस्थापन, डिस्प्लेसमेंट. जडत्व, इनर्शिया. संयुजा, व्हॅलन्सी. उजव्या बाजूला इंग्रजी स्पेलिंगसुद्धा स्वतःच्या हातानं. तीनेकशे शब्द झाले की अकरावीचं इंग्रजी पुस्तक परकं वाटेनासं होतं. मी स्वतः मराठी शाळेतली. हे शब्द आधीपासून माहीत असते तर माझी बारावी निराळी गेली असती, पण ते जाऊ दे. एक दिलासा असा की राज्याच्या इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे एमएचटी-सीईटीला, फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणित मात्र इंग्रजीतच. मेडिकलची 'नीट' परीक्षाही मराठीतून देता येते.

कुठलं दार कशानं उघडतं

पोरं विचारतात, 'काकू, सायन्स घेऊ की कॉमर्स?' मी उलटं विचारते, चार वर्षांनी कुठल्या गेटातून आत जायचंय? तिथून मागे मागे चालत ये.

पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत जायचं असेल तर त्यांची स्वतःची चाचणी आहे, आयएटी. ६० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि जीवशास्त्राचे पंधरा-पंधरा. म्हणजे जीवशास्त्र सोडलेल्यालाही ते पंधरा दिसणारच. इंजिनिअरिंगला सीओईपी काय किंवा कर्वेनगरचं मुलींचं कमिन्स काय, एमएचटी-सीईटी द्यायची आणि बारावीला फिजिक्स-गणिताच्या गटात खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के, राखीव वर्गाला ४०. एनआयटीत जायचं तर जेईई मेनच्या रँकबरोबर बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असायला हवं. मेडिकलला नीट, बारावीला भौतिक-रसायन-जीवशास्त्रात खुल्या वर्गाला ५० टक्के आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ पूर्ण. ही वयाची अट कुणी वाचतच नाही. हुशार म्हणून लवकर शाळेत घातलेल्या मुलांना ती नडते.

लॉ कॉलेज रोडवरच्या आयएलएससाठी राज्याची लॉ सीईटी, कुठल्याही शाखेतून. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट निराळी. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात गणिताचा गटही चालतो आणि जीवशास्त्राचाही, फार्मसीचं तसंच. बीबीए-बीसीएला पूर्वी नुसते बारावीचे मार्क पुरायचे, २०२४ पासून त्यांचीही सीईटी सुरू झाली. कॉमर्सला अकरावीत गणित की एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, असं विचारतात. एसपी सोपं म्हणून टिकमार्क मारण्याआधी हे लक्षात घ्या की गणित सोडलं तर पुढे स्टॅटिस्टिक्स आणि चांगल्या ठिकाणचं अर्थशास्त्र बहुधा बंद होतं. पटलं तर गणित घ्या, झेपत नसेल तर नका घेऊ, पण काय सोडतोय ते कळून सोडा.

आर्ट्स म्हणजे उरलेल्यांचं, असं म्हणणाऱ्या आजोबांनी फर्ग्युसनच्या अकरावी आर्ट्सचा कटऑफ एकदा उघडून पाहावा. जास्त बोलत नाही.

ज्याला हातानं काम करायला आवडतं त्यानं दहावीनंतर पॉलिटेक्निकला जावं आणि डिप्लोमावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आमच्या सुतारकाकांचा मुलगा तसाच गेला, कुणापेक्षा मागे राहिला नाही.

गेट बाहेरून बघण्यापेक्षा आत जाऊन बघावं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था लोकांसाठी खुली असते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीपाशीही तेव्हा प्रदर्शन भरतं. मी नववीच्या पोरांना तिकडे पिटाळते. दुर्बिणीपाशी उभं राहून प्रश्न विचारणाऱ्या पोराला पुढे क्लासची जाहिरात दाखवावी लागत नाही.

अकरावीचा फॉर्म आणि त्यातले गैरसमज

पुणे-पिंपरी चिंचवडला केंद्रीय ऑनलाइन प्रवेश बरीच वर्षं आहे, २०२५ पासून तो सगळ्या राज्याला लागू झाला. फॉर्मचे दोन भाग. पहिल्यात स्वतःची माहिती आणि कागद, दुसऱ्यात कॉलेजांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. पहिला भाग खुला झाला की लगेच भरून ठेवायचा.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की मोठं कॉलेज वर टाकलं आणि नाही मिळालं तर खालच्या कॉलेजात आपला नंबर मागे जातो. जात नाही. जागा गुणवत्तेनं मिळते. तुमचा क्रम एवढंच सांगतो की मिळण्याजोग्या कॉलेजांतलं तुम्हाला आधी कुठलं हवंय. त्यामुळे हवं त्या क्रमानं बिनधास्त लिहा.

पण याच्या पोटात एक धोका आहे. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. वाघोलीच्या एका मुलीनं मैत्रिणीबरोबर म्हणून कर्वे रोडचं कॉलेज पहिलं टाकलं, मिळालं, आणि मग वडिलांनी बसचं गणित केलं. ते गणित आधी करायचं असतं. मी पोरांना पसंतीक्रम लिहिण्याआधी एकदा सकाळी सातच्या बसनं तिथे जाऊन यायला लावते. वनाज-रामवाडी मेट्रोनं काहींचं सोपं केलंय, गरवारे कॉलेजला तर स्टेशनच आहे, पण घरापासून मेट्रोपर्यंतचा तुकडा कुणी मोजत नाही. रोजचे अडीच तास रस्त्यात गेले तर वर्षभरात ते कुठून आणणार?

कटऑफ वाचायलाही शिकवावं लागतं. कटऑफ म्हणजे त्या फेरीत आत गेलेल्या शेवटच्या मुलाचे मार्क, ५०० पैकी. एकाच कॉलेजच्या नावापुढे दोन-तीन ओळी दिसतात. एक अनुदानित तुकडी, एक विनाअनुदानित, एखादी स्वयंअर्थसहाय्यित. इमारत तीच, वर्ग शेजारचा, फी मात्र कितीतरी वेगळी, आणि प्रत्येकीचा कोड निराळा. खिडकीवर येऊन 'मॅडम, आम्हाला वाटलं हे तेच आहे' म्हणणारे वडील मी दरवर्षी पाहिले. कोड वहीत लिहा, शेजारी तुकडीचा प्रकार लिहा, मग फॉर्म उघडा.

मी मुलांना गेल्या वर्षीच्या पहिल्या फेरीचे आकडे आपापल्या प्रवर्गाच्या रकान्यातून काढायला लावते आणि दहा जागा अशा वाटायला सांगते: तीन आपल्या मार्कांच्या वर, चार आसपास, तीन खाली. खालच्या तिनांतही आपण आनंदानं जाऊ असंच कॉलेज हवं. 'भरायला म्हणून' काही टाकायचं नाही, नेमकं तेच पदरात पडतं.

आणि हो, मोबाइल नंबर. फॉर्मला दिलेला नंबर निदान तीन वर्षं तोच ठेवा, आणि तो अशा माणसाचा द्या जो घरी असतो. एका मुलाचा ओटीपी वडिलांच्या फोनवर, वडील चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. मुलगा सायबर कॅफेत रात्री आठपर्यंत बसून राहिला. पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहा. सुरक्षेचं मला सांगू नका, विसरणाऱ्यांची संख्या चोरांपेक्षा जास्त असते.

अकरावी म्हणजे सुट्टी, हे ज्यानं सांगितलं त्याला माझ्याकडे पाठवा

अकरावीचे मार्क पुढे कुठे धरत नाहीत, म्हणून वर्ष लोळण्यात घालवायचं, असा पुण्यात जुना रिवाज आहे. आता सीईटीचा हिशोब बघा. फिजिक्स ५० प्रश्न ५० मार्कांचे, केमिस्ट्री ५० प्रश्न ५० मार्कांचे, गणित ५० प्रश्न पण प्रत्येकी २ मार्क, म्हणजे १००. एकूण २००. यातला साधारण वीस टक्के भाग अकरावीचा. प्रत्येक विषयात दहाएक प्रश्न धरले तर फिजिक्सचे १०, केमिस्ट्रीचे १०, गणिताचे २०. चाळीस मार्क झाले. लोळण्याची किंमत चाळीस मार्क. अकरावीचे कुठले धडे सीईटीला आहेत त्याची यादी सीईटी सेल जाहीर करतं, ती अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा.

वेळही समजून घ्या. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, एकाला एक मिनिट ४८ सेकंद. मी स्वयंपाकघरातला टायमर लावून पोरांना बसवते. पहिल्या दिवशी सगळी हसतात. ५४ सेकंदांनी तो किरकिरला की हसू जातं. सीईटीला चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईई आणि नीटला कापतात, नीटला बरोबरचे चार आणि चुकीचा एक वजा. दोन्ही परीक्षा देणाऱ्यानं ही सवय बदलायचा सराव मुद्दाम करावा. सीईटीच्या जोमात नीटला अंदाजपंचे गोळे मारलेली मुलं मला माहीत आहेत.

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के मार्क नव्हेत. त्या सत्राला बसलेल्या शंभरातल्या ९५ जणांचे मार्क तुमच्याएवढे किंवा तुमच्याहून कमी, एवढाच अर्थ. घरी आजीला हे समजावून सांगता आलं की पोराला कळलं असं मी धरते.

आता कॉलेजला न जाता क्लासला जायच्या व्यवस्थेबद्दल. नाव कुणाचं घेत नाही. प्रवेश एका ठिकाणी, शिकणं दुसरीकडे, हजेरी कागदावर. हजेरी ७५ टक्के लागते हा नियम आहे, तो कुणी तपासायला आलं की धावाधाव होते, तो भाग सोडा. मला वाईट वाटायचं ते प्रॅक्टिकलच्या दिवशी. बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल. एका वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलाच्या हातात व्हर्निअर कॅलिपर दिलं आणि लघुतम माप विचारलं. मुलानं ते उलटं धरलं होतं. जेईईच्या वर्गात चाचण्यांमध्ये वरचा नंबर असलेला मुलगा. त्यानं दोन वर्षांत प्रयोगशाळेची पायरी चढलेली नव्हती. लॅब असिस्टंटनं हळूच त्याचा हात सरळ केला. त्या मुलाचे कान लाल झालेले मला अजून आठवतात.

क्लास लावू नका असं माझं म्हणणं नाही. पण प्रॅक्टिकलचा एकही दिवस बुडवू नका आणि जर्नल स्वतः लिहा. बारावीचे टक्के दुय्यम म्हणणाऱ्यांनी वरची एनआयटीची ७५ टक्क्यांची अट परत वाचावी. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच अप्पा बळवंत चौकात हवे तितके मिळतात. दिवाळीनंतर आठवड्याला एक, तीन तास घड्याळ लावून, पूर्ण वाक्यात लिहून. गोळे रंगवायची सवय झालेल्या हाताला तीन तास लिहिता येत नाही, बोटं दुखतात.

कागदांचं वेळापत्रक, आणि माझ्याच घरची गोष्ट

जात वैधता प्रमाणपत्र. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा तर हे लागतंच. अर्ज अकरावीत करा, फार तर बारावीच्या सुरुवातीला, कॉलेजच्या प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र जोडून. वेळ जातो तो पुराव्यात. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या रजिस्टरचा उतारा, आणि ती शाळा गावाकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेल्यावर शाळा बंद असते हे लक्षात ठेवा. दिवाळीनंतर, शाळा भरलेली असताना जा. आत्या-काकांपैकी कुणाची वैधता झालेली असेल तर तीही जोडा, काम हलकं होतं.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, ईडब्ल्यूएस, नॉन-क्रीमी लेयर हे 'आपले सरकार'वरून किंवा सेतूतून निघतात. निकालानंतर तिथे जत्रा असते. जानेवारी-फेब्रुवारीत काढा.

आणि नॉन-क्रीमी लेयरवरची तारीख वाचा. हे मी ठासून सांगते, कारण माझ्या घरात ते झालंय. मुलगा बारावी झाला तेव्हा मी रोज दीडशे मुलांच्या नॉन-क्रीमी लेयरच्या तारखा बघत होते. त्याचा कागद घरात आहे, दहावीच्या वेळी काढलाय, एवढंच माझ्या डोक्यात. चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध लागतो, आमचा आधीच्या ३१ मार्चला संपलेला. नवा हातात येईपर्यंत मुदत गेली, मुलगा खुल्या वर्गात धरला गेला. कॉम्प्युटर मिळायचं ते मेकॅनिकल मिळालं, तेही घरापासून लांब. आता तो बरा कमावतो, पण दिवाळीत फराळाला बसलं की विषय निघतोच. 'आईनं सगळ्या पुण्याच्या तारखा बघितल्या.' मी मुकाट्यानं चकली पुढे करते.

मुलींच्या पालकांसाठी. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की ही सवलत गेली. हॉस्टेल, मेस यात नाही. ८ लाखांच्या आतल्या मुलग्यांनी टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, जागा पसंतीक्रमात टाकायला विसरू नये, त्यांचे कोड निराळे असतात. आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून मुलाच्या नावाचं खातं अकरावीतच उघडून जोडून घ्या.

खिडकीवर येताना

मूळ कागदांची एक फाइल, झेरॉक्सचे दोन संच, वेगवेगळ्या पिशव्यांत. फोटो एकाच बैठकीतले आठ. निळं पेन, स्वतःचं. कागदांचा क्रम फॉर्मवरच्या यादीप्रमाणे लावा, म्हणजे आत बसलेली बाई खूश होते आणि तिची खुशी तुमच्या उपयोगाची असते. कागद लॅमिनेट करू नका, त्यावर शिक्का बसत नाही. स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये आणि स्वतःच्या ईमेलवर ठेवा, फाइलला नाव द्या. 'आयएमजी' आणि पुढे आकडे अशा चाळीस फायलींतून दाखला शोधणारी पोरं मी पाहिलीत, मागे रांग ओरडत असते.

आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं, परत देत नाही. दुसरीकडे जाताना तिथून नवा मिळतो. म्हणून तो खिडकीतून आत सरकवण्याआधी त्याच्या पाच झेरॉक्स काढा, त्यांतल्या दोन अटेस्टेड करून घ्या. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्या दिवसांत अर्धा तास लागतो, तेव्हा आदल्या संध्याकाळीच.